डोंगरातल्या बाईची ओटी

१८ नोव्हेंबर, सोम.

शनिवारच्या पाहुण्यांना भेटवस्तूंची तीच मेल पुन्हा टाकली. शिकाऱ्यांच्या मागे चालायला येणाऱ्या परदेशी लोकांना गाइडसाठी भेट म्हटलं की व्हिस्की सुचते, नाहीतर चाकू. आमचे गाइड होत्ता-सान, त्यांची व्हिस्की डॉक्टरांनी कधीच बंद केलीये. आणि चाकू इथे जपानात भेट म्हणून देत नाहीत, नातं तुटतं. उपयोगाचं आणा रे बाबांनो! डोक्याला बांधायचा चांगला दिवा, जाड लोकरी मोजे, कुत्र्यांना खाऊ. स्वयंपाकाचं बघणाऱ्या फुमि-सानना, म्हणजे होत्तांच्या बायकोला, हातांचं क्रीम. बर्फाच्या पाण्यात भांडी घासून त्यांच्या बोटांना चिरा पडल्यात.

मी स्वतः स्टीलचे डबे नेते. मागच्या वर्षी एक नेला, आता अर्धं गाव मागतंय.

नवऱ्याचा, निखिलचा, नेहमीचा टोमणा. 'वरणभात खाणारी बाई आणि शिकारीत पार्टटाइम.' त्याला काय जातंय! तो ऑफिसात गाड्यांचे ब्रेक तपासतो, मी शनिवार-रविवार डोंगरात दुभाषेपण करते. माझं काम बोलायचं, मारायचं नाही.

क्लिनिकचा फोन आला होता. इंजेक्शनं घेऊन दुसऱ्यांदाही गर्भ राहिला नाही. आता मार्चपर्यंत थांबा, शरीराला विश्रांती द्या. 'हाय, हाय', म्हणजे जपानीत हो हो, करत फोन ठेवला आणि कचरा खाली नेला. आज प्लास्टिकच्या कचऱ्याचा वारच नव्हता. पिशवी परत वर आणली आणि जिन्यातच रडले.

२४ नोव्हें., रवि.

काल दोघे ऑस्ट्रेलियन. मोजे आणले होते, शहाणे निघाले.

वर चढायच्या आधी होत्ता-सान झाडाखालच्या छोट्या देवळापाशी थांबले. गुडघ्याएवढं देऊळ, लाकडाचं. खिशातून कागदाची पुडी काढली, एक टोक उघडलं. आत वाळका मासा. इतकं वाकडं थोबाड मी कुठल्या माशाचं पाहिलं नाही. देवळाकडे धरून तेवढंच दाखवलं आणि पुडी परत खिशात.

सगळं मला भाषांतर करायला लागलं. डोंगर एका बाईचा आहे. ती रूपाने बरी नाही, त्यामुळे दुसऱ्या बाया तिला खपत नाहीत. आपल्याहून कुरूप मासा बघितला की खूश होते. मग तिला सांगायचं, एक हरीण दे, अख्खा मासा दाखवतो. तिने दिलं की म्हणायचं, पुढच्या वेळी.

'आणि पुढच्या वेळी?'

'पुढच्या वेळी.' हसले. मासा त्यांच्या वडिलांच्या वेळचा आहे. 'तीसुद्धा आपल्या स्टाफमधली, काळे-सान. सगळ्यात जुनी.'

पाहुणे हसले, मीही हसले. पण परत येताना गाडीत डोकं फिरलं. बाकी सगळ्या स्टाफला दिवे नि मोजे, आणि तिला वर्षानुवर्षं माशाचं अर्धं थोबाड? बाईमाणसाला असं झुलवायचं?

५ डिसें., गुरु.

पाळी आली. नेहमीसारखी, वेळेवर. एवढं एकच काम शरीर वेळेवर करतं.

बॅगेच्या तळाशी लग्नातला हिरवा खण सापडला. सासूबाईंनी दिलेला, शिवलाच नाही.

८ डिसें., रवि.

आजच्या पाहुण्यांतल्या एकाला जपानी येतं, त्यामुळे मला वर जायची गरज नव्हती. सगळे पुरुष कुत्री घेऊन गेले. फुमि-सान भाजीचे मुळे धूत बसल्या. मी देवळापाशी गेले.

ओटी भरली. व्यवस्थित भरली. खण, तांदूळ, खोबऱ्याची वाटी, सुपारी, हळकुंड, हिरव्या बांगड्या. हळदीकुंकू लाकडाला लावलं. कुठल्या देवळात गेले असते तर हेच केलं असतं, त्यात काय. मागायचं नाही असं ठरवून गेले होते आणि हात जोडले तेव्हा दुसरं काही सुचेचना. सगळं मागितलं. मोठ्याने, मराठीत. नाक गळेपर्यंत.

ओटीतले चार दाणे परत घेतले, आईने शिकवलंय तसे. जॅकेटच्या खिशात.

फिरले तेव्हा पाठीमागे एकदम शांत झालं. एक पक्षी ओरडत होता तोही गप्प. कोणीतरी काहीतरी अगदी लक्ष देऊन बघत असताना होतं ना, तसं.

दुपारी सगळे उतरले तर ओटी नव्हती. तांदूळ उंदीर-पाखरं खातील. खण? बांगड्या? लाकडावर हळदीकुंकू तेवढं होतं. होत्ता-सानांनी बोटाने पुसून बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. सांगितलं मी, लपवायचं काय त्यात.

'पूर्ण दिलंत?'

'मग काय, अर्धी भरतात?'

होत्ता-सान माशाची पुडी असलेल्या खिशावर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, 'तिला पूर्ण कोणी कधी दिलं नाहीये.'

घरी येऊन ते दाणे रोजच्या भातात टाकले. निखिल म्हणाला, आज भात छान झालाय.

९ जाने., गुरु.

दोन रेघा.

दुसरी स्ट्रिप आणायला ड्रगस्टोअरमध्ये चपला घालूनच पळाले, बाहेर बर्फ. परत दोन.

इंजेक्शन नाही, काही नाही. नि. जमिनीवर बसून हसत होता, मग रडला. मी नाही रडले. मी खिडकीतून पार्किंगकडे बघत होते आणि मला त्या छोट्या देवळापाशीचंच सगळं दिसत होतं.

कोणाला सांगायचं नाही अजून.

२० जाने., सोम.

डॉक्टरीणबाईंनी ठोका ऐकवला. किती भरभर! 'सगळं छान आहे.' तीनदा विचारलं, तीनदा तेच.

वास कसलेही चालतायत. फक्त मीठ लागतं. जेवणात नाही, नुसतं. तळहातावर घेऊन चाटते. आईला फोनवर हळूच सांगितलं, आधी किंचाळली, मग म्हणाली, 'चिंचा-कैऱ्यांचे डोहाळे ऐकलेत, मिठाचे कुठले गं? बीपी वाढेल. मोड ती सवय.'

२६ जाने., रवि.

नि. नको म्हणत होता तरी गेले. वर चढले नाही, खालीच थांबले.

तीन हरिणी मिळाल्या. शेडमध्ये साफ करताना मी एरवी आत जात नाही. आज होत्ता-सानांनी पाहुण्यांना काही सांगायचं म्हणून बोलावलं, आणि सांगायच्या ऐवजी कापलेल्या पोटात बघत राहिले. सुरी हातात तशीच. पाहुणा म्हणतो, काय झालं विचार. विचारलं.

या दिवसांत प्रत्येक मादीच्या पोटात पिल्लू असतं. वाईट वाटतं म्हणून पाहुण्यांना आधी सांगून ठेवतात. तिघींच्याही पोटात काही नाही. महिनाभर असंच चाललंय. दरीपलीकडच्या शिकाऱ्यांच्या टोळीलाही हेच.

'रोग असेल,' मी म्हटलं.

'धष्टपुष्ट आहेत. दूध उतरायची तयारी आहे. पिल्लूच नाही.'

फुमि-सान म्हणाल्या, बरंच झालं, माझे मुळे वाचतील. गावात सगळे खूशच आहेत, शेतीचं केवढं नुकसान करतात हरणं. होत्ता-सान तेवढे हसले नाहीत.

मी बाहेर येऊन ओकले. तिथल्या पन्हळीवरचं मिठासारखं दिसणारं पांढरं काहीतरी चाटावंसं वाटलं. चाटलं नाही. हे इथे लिहून ठेवते, की चाटलं नाही.

२ फेब्रु., रवि.

आठवडाभर स्वतःशी भांडतेय. योगायोग असतात. मी सायन्सची पदवी घेतलेली बाई आहे. नि.ला अर्धवट सांगितलं तर तो म्हणाला, अगं, हरणांचा आणि आपला काय संबंध, झोप. बरोबर आहे त्याचं. रात्रभर त्याच्या पाठीला चिकटून राहिले.

बाळ हवंय मला. कसंही आलेलं हवंय. हेही लिहून ठेवते.

९ फेब्रु., रवि.

गाडीतून उतरले आणि कुत्री.

ही कुत्री मला ओळखतात. खिशात खाऊ असतो माझ्या, अंगावर उड्या मारतात. आज म्हातारी काळी कुत्री आधी थबकली, नाक वर केलं, आणि हरणाचा माग लागल्यावर जसा गळा काढते तसा काढला. बाकीची धावली. माझ्याभोवती गोल. चावायला नाही. अडवून धरायला, बंदूकवाला येईपर्यंत जसं अडवतात.

होत्ता-सानांनी ओरडून, ओढून, शेवटी काठीने बाजूला केली. 'माणसावर असं कधी केलं नाही त्यांनी. कधीच नाही.'

फुमि-सान मला आत घेऊन गेल्या, चहा दिला आणि पोटाकडे बघून म्हणाल्या, 'कधीची तारीख?' इतक्या सहज. म्हटलं सप्टेंबर. टाळ्या वाजवल्या त्यांनी, डोळ्यांत पाणी. दारात होत्ता-सान उभे होते, त्यांनी ऐकलं.

निघताना गाडीपर्यंत आले. म्हणाले, 'ती रागावलेली नाही. उलट खूश आहे. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिला अख्खं दिलं. मग तीही अख्खं देणारच. परत भेट द्यायची रीत तिलाही आहे.'

मी म्हटलं, 'पण हे का? हे असं का?'

'काळे-सान, तिच्याकडे द्यायला हरणांशिवाय दुसरं आहे तरी काय?'

अभिनंदन म्हणायचं राहिलं म्हणून परत फिरून खाली वाकून अभिनंदनही म्हणाले.

१४ फेब्रु.

टूरच्या एजन्सीला कळवलं, या सीझनला आता येत नाही. माझ्या जागी येणाऱ्या मुलीला भेटींचं सगळं समजावून सांगितलं. दिवा, मोजे, क्रीम. ती म्हणाली, देवळासाठी काय न्यायचं का? एवढ्या जोरात नाही म्हणाले की दचकली बिचारी.

३ मार्च

सोनोग्राफी. हात, पाय, बोटं. मी बोटं मोजायला लावली. मला स्वतःलाही मोजून दाखवायला सांगितली. डॉक्टरीणबाई हसल्या, 'सगळ्या आया असंच करतात.' सगळ्या आया का करतात ते मला माहीत नाही. मी का केलं ते माहीत आहे.

माणसाची बोटं आहेत. पाच-पाच. माणसाचंच आहे.

३० मार्च, रवि.

गाडीत लिहितेय, अक्षर वेडंवाकडं येईल.

इथे गरोदर बाईच्या पोटाला पट्टा बांधतात, तो पंचांगातल्या कुत्र्याच्या वारी बांधायचा, कुत्रीला बाळंतपण सोपं जातं म्हणून, आणि तो मीच बांधणार, असा फुमि-सानचा हट्ट. आईपासून एवढ्या लांब कोणीतरी हट्ट करतंय याचंच इतकं वाटलं की हो म्हणून बसले. शिकार संपलीये. कुत्री पुतण्याकडे पाठवलीयेत, असं होत्तांनी मुद्दाम फोन करून सांगितलं.

पट्टा बांधला. पांढरा, मऊ. फुमि-सानची बोटं या वर्षी बरी दिसली, क्रीम लावतात. नि. बाहेर गाडीपाशी होता. खिडकीतून शेताकडे बघितलं तर बांधावर हरिणी उभ्या. पाच असतील, सहा असतील. भरदुपारी. तोंडं घराकडे. या महिन्यात पोटं खाली लोंबायला हवीत. सगळ्यांची सपाट.

'रोज येतात?'

होत्ता-सान खिडकीकडे बघतच नव्हते. 'नाही. आजच.'

फुमि-सान हात धरत होत्या तरी बाहेर गेले. का गेले? राग आला होता. बांधापर्यंत गेले, कोणी पळालं नाही. आणि तेव्हा पोटात हललं. पहिल्यांदा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, इतक्यात कळायचं नाही. कळलं. मासळी उलटते तसं, एकदा, परत एकदा. सगळ्या हरिणींनी एकदम कान उभे केले. मी काही बोललेही नव्हते.

'माझं आहे,' मी म्हटलं. मराठीतच. 'देणार नाही. कोणालाच देणार नाही.'

पुढची एक जवळ आली. हात लांब केला असता तर लागला असता. मला वाटलं होतं त्या भांडायला आल्यात. तिच्या डोळ्यांत भांडण नव्हतं. आपलं मूल दुसऱ्याकडे ठेवलेलं असताना आपण नुसतं बघायला जातो ना, तशी बघत होती. मला ते सहन झालं नाही. जॅकेटची चेन वरपर्यंत ओढली आणि चालत, धावत नाही, चालत गाडीत येऊन बसले. नि. म्हणतो, किती माणसाळलीत इथली हरणं, फोटो काढायचा होता.

निघालो तेव्हा पोटात हालचाल चालू होती. बोगदे लागले तेव्हाही होती, कमी. हायवेला लागून डोंगर मागे पडल्यापासून नाही. नि. म्हणतो, अगं, सोळावा आठवडा, गॅस असेल, उगाच काय. डॉक्टरीणबाईही हेच म्हणतील.

नागोयाच्या, म्हणजे घराच्या, पाट्या दिसायला लागल्यात. पट्ट्याखाली हात घालून बसलेय. काहीच नाही. नि.ला पुढच्या सर्व्हिस एरियात थांबायला सांगितलंय. तो विचारतोय, मळमळतंय का. तिथून पुढे घरी जायचं की गाडी परत डोंगराकडे वळवायची, ते अजून त्याला सांगितलं नाहीये.

हल ना रे राजा.