रक्तपेढीच्या मेलवर माझा पहारा

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नव्हे. मोठं काम अंगावर घेतलं की डोकं कुठेतरी रिकामं करावं लागतं, म्हणून.

आज मीटिंग. शहरातल्या कुठल्याशा दवाखान्यात ई-मेलमधून व्हायरस शिरला आणि सगळं बंद पडलं, अशी बातमी होती. आमच्या रक्तपेढीच्या संचालक, डॉ. दीक्षा रणपिसे मॅडम, म्हणाल्या की आपल्या मेल सर्व्हरलाही संरक्षण हवं, बाहेरची एजन्सी बोलवू. मी हात वर केला. म्हटलं, घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला? मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.
"वैजनाथराव, तुम्हाला येतं?"
म्हटलं, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलाय मी, अंबाजोगाईला. कोणत्या साली ते त्यांनी विचारलं नाही. मीही मध्येच कशाला बोलू?

काम जबाबदारीचं आहे. हॉस्पिटलं रक्ताची मागणी मेलने पाठवतात. रक्तदात्यांची नावं, गट, फोन, सगळं त्याच सर्व्हरवर. म्हणजे व्हायरस शिरला तर रक्तच थांबणार. (वाक्य चांगलं झालंय. पुढच्या मीटिंगमध्ये वापरणे.)

६ नोव्हेंबर, गुरुवार
बसवलं! सॉफ्टवेअर फुकट आहे पण उत्तम आहे. येणारा प्रत्येक मेल आधी तपासतं, मग आत सोडतं. संशयित मेल क्वारंटाइनमध्ये. करोनात आपण बसलो होतो तसंच.

चाचणीसाठी खोटा व्हायरस मिळतो. तो मी मलाच पाठवला. पकडला गेला. मी टाळी वाजवली. शेजारच्या टेबलावरच्या अक्षताने विचारलं काय झालं. (रक्तदात्यांना बोलावून घेणं हे तिचं काम. शनिवार पेठेतच जन्म आणि वाढ, त्यामुळे बोलणं तसंच.) सगळं समजावून सांगितलं. म्हणाली, "म्हणजे तुम्ही पाठवलेलं तुम्हीच पकडलंत. छान."
दुर्लक्ष केलं.

१० नोव्हेंबर, सोमवार
स्क्रीनवर लाल पट्टी. म्हणे व्हायरसची ओळखयादी जुनी झाली आहे, नवी उतरवता येत नाही. रोज नवे व्हायरस निघतात म्हणून यादीही रोज नवी लागते म्हणे. ती इंटरनेटवरून आत यायला आमच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे बाहेरचं अडवणाऱ्या भिंतीत, वाट करून द्यावी लागेल, आणि त्याचा पासवर्ड नोकरी सोडून गेलेल्या आमच्या आधीच्या कॉम्प्युटरवाल्या चेतनकडे. चेतनला फोन करायचा म्हणजे 'मला जमत नाही' असं कबूल करणं. शुक्रवारी निवांत बघू.
तोवर लाल पट्टी दिसू नये अशी सोय सेटिंगमध्ये सापडली. केली. आता स्क्रीन कसा स्वच्छ दिसतो.

घरी द्वारकाने विचारलं, अहो, झालं का ते काम? म्हटलं, झाल्यात जमा.

१२ नोव्हेंबर, बुधवार
सॉफ्टवेअरमध्ये कडकपणा कमी-जास्त करता येतो. पूर्ण वर नेला. दुपारपर्यंत क्वारंटाइन गच्च. मॅडमना रिपोर्ट दिला. पकडलेल्यांत एक लग्नपत्रिका आणि अक्षताचा रजेचा अर्जही होता. मॅडम म्हणाल्या, व्हायरस कोणता सापडला? म्हटलं, अजून सापडला नाही, म्हणजे यंत्रणा चांगली आहे.
त्यांनी रिपोर्टची घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला. पटलं असावं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
सोलापूरच्या एका हॉस्पिटलातून फोन. डॉक्टर ओरडतच होते. बाळंतीण, रक्तस्राव थांबत नाही, गट बॉम्बे ब्लड ग्रुप, म्हणजे फारच दुर्मिळ. सकाळपासून मेलवर मेल करतोय, तुम्ही उत्तर का देत नाही?
आमच्याकडे मेल नव्हते. म्हणजे होते, क्वारंटाइनमध्ये होते. विषयात 'अर्जंट', सोबत फॉर्म जोडलेला. सॉफ्टवेअरला संशय आला. येणारच.

अक्षताने फोन हातातून घेतला. त्या गटाचा एक माणूस धायरीत, आमच्याच बाजूला राहतो, हे मला माहीत नव्हतं. तो दुकानाचं शटर ओढून आला. तपासण्या झाल्या, पिशवी गाडीने गेली. संध्याकाळी बातमी आली. अक्षताने येऊन सांगितलं, "बाई वाचली. बाळही. मेलमुळे नाही."

रात्रीचा एक वाजला, अजून जागाच आहे. चहा जास्त झाला असेल.

एक गोष्ट मात्र सिद्ध झाली. माझ्या यंत्रणेतून काहीही सुटत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
मॅडमचा आदेश: रुग्णाचा मेल अडता कामा नये. कसं करायचं ते तुम्ही ठरवा. मी तोडगा काढला. विषयात 'अर्जंट' किंवा 'रक्त' असेल तो मेल न तपासता थेट आत. साधा, सोपा उपाय. साध्या गोष्टी सुचायला अनुभव लागतो.
फायरवॉल सोमवारी.

१७ नोव्हेंबर, सोमवार
सकाळीच मेल: 'अतिशय अर्जंट, रक्त हवे'. हॉस्पिटलचं नाव ओळखीचं नव्हतं. सोलापूरचा प्रसंग ताजा, म्हणून अक्षताची वाट न पाहता मी स्वतः उघडला. फॉर्म कोरा. वर लिहिलेलं, मजकूर दिसण्यासाठी परवानगी द्या. दिली. तरी कोरा. एक काळी खिडकी क्षणभर उघडली आणि मिटली. विजेचा काहीतरी प्रॉब्लेम.

उत्तर पाठवलं: फॉर्म कोरा आला आहे, कृपया पुन्हा पाठवा. त्यांचं उत्तर नाही. बिचारे धावपळीत असतील. रुग्णाचं काय झालं असेल, दिवसभर मनात येत राहिलं.

सोमवार यात गेला. फायरवॉल राहिलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार
हडपसरच्या सर्जेरावांचा फोन. आमचे जुने रक्तदाते, दर वेळी वेळेवर येणारे. म्हणाले, साहेब, तुमचा मेल मिळाला, लिंक दाबली, काही उघडत नाही.
मी मेल केलेला नाही. पण तसं म्हणालो नाही. म्हटलं, पुन्हा दाबून बघा.
अक्षताने माझ्या नावाने पाठवला असेल. माझ्या नावाला वजन आहे हे तिला आत्ता कळलं म्हणायचं. तिला विचारलं. "सर, मी तुमच्या नावाने कशाला बोलावीन? मला लोक यायला हवेत."

दुपारी आणखी दोघांचे फोन. तुमचा मेल मिळाला. त्यातल्या एकाने तर माझी तब्येत विचारली. मेलमध्ये मी अडचणीत आहे असं लिहिलंय म्हणे.
मी अजिबात अडचणीत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
सर्व्हरच्या खोलीतून घरघर. हात लावून पाहिला, तवा तापावा तसा तापलाय. जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसलेले, एकही जण कॉम्प्युटरवर नाही, तरी त्याचे हिरवे दिवे फडफडतायत. कसून स्कॅनिंग चालू असणार. इतकी मेहनत करणारं यंत्र मी पाहिलं नाही.

अक्षता म्हणाली, माझा माउस आपोआप सरकला. कुणीतरी फाइली उघडून बघत होतं, मी हात मांडीवर ठेवून बसले होते. म्हटलं, माउस बदलून देतो. ती हसली नाही.

माझा पासवर्ड चालेना. मग चालला. मी दिलेल्या परवानगीमुळे तर... नाही. फॉर्म कोरा होता. कोऱ्या फॉर्ममध्ये काय असणार?

चेतनला फोन करावा का? नंबर काढला. ठेवला.

२४ नोव्हेंबर, सोमवार
मॅडमनी आत बोलावलं. समोर छापलेला मेल.
"वैजनाथराव, हा तुमचा?"
'आदरणीय दीक्षा, कृपया आपला गुप्त शब्द माझ्यासह सामायिक करा. धन्यवादित, वैजनाथ.'
मी म्हटलं, मॅडम, 'धन्यवादित' मी जन्मात लिहिणार नाही. खरं तर त्या एका शब्दाचाच राग आला, बाकीचं नंतर कळलं. मॅडम म्हणाल्या, ते मला माहीत आहे, म्हणूनच मी पासवर्ड दिला नाही. बाकी किती जणांनी दिला असेल ते तुम्ही सांगा.


उद्या सकाळी एजन्सीची माणसं येणार. मॅडमनी बजावलं, तोवर कशालाही हात लावू नका. कशालाही.

हे बरोबर नाही. बाहेरची माणसं येऊन माझ्या कामात चुका काढणार. त्यापेक्षा ती यायच्या आत सगळं नीट करून ठेवलं तर चुका सापडणारच नाहीत. सर्व्हर नुसता बंद करून चालू करायचा. निम्मे आजार त्यानेच जातात. सगळे घरी निघाल्यावर केला.
चालू व्हायला फार वेळ लागतोय. स्वारगेटची बस चुकेल. चालू ठेवूनच निघालो.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
सगळ्या स्क्रीनवर काळी पाटी, इंग्रजीत. तुमच्या फाइली कुलूपबंद केल्या आहेत. माझ्या, अक्षताच्या, मॅडमच्या, लॅबच्या. सगळ्या.

एजन्सीच्या बाई माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. शांतपणे विचारत होत्या. काल रात्रीपर्यंत काही बदललंत? म्हटलं, नाही. मग म्हटलं, बंद करून चालू केला. त्यांनी मान हलवली. बॅकअप कुठे आहे? म्हटलं, याच सर्व्हरवर. हाताशी असावा म्हणून.
सोबतच्या माणसाने बॅगेतून काढलेली डिस्क परत बॅगेत ठेवली आणि चेन लावली. तो आवाज अजून कानात आहे.

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

द्वारकाला सांगितलं, डोकं दुखतंय.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
आज थॅलेसेमियाच्या मुलांचा दिवस. त्यांना आमच्याकडेच रक्त चढवतात. भोरहून इंदुबाई आल्या, त्यांच्या सोनूला घेऊन. दुसरीत आहे. ओठ पांढरे पडलेले, आईच्या मांडीवरून उठत नव्हती. तिच्या गटाचं रक्त शिल्लक नव्हतं. कुणाला बोलवायचं ते सगळं कुलुपात.

अक्षताच्या मोबाइलमध्ये काही नंबर होते. ते वाटून घेतले. मॅडम मला म्हणाल्या, तुम्हीही करा फोन. मला बरं वाटलं. काहीतरी करता येणार होतं.

पहिल्याला म्हटलं, मी वैजनाथ, रक्तपेढीतून. त्याने फोन ठेवला. दुसरा म्हणाला, पुन्हा फोन केलास तर पोलिसात देईन. एका बाईंनी शांतपणे सांगितलं, तुमच्या मेलमुळे माझ्या नवऱ्याच्या खात्यातून पैसे गेले. सर्जेरावांनी तर उचललाच नाही. मी ओरडून सांगत होतो, मी खरा आहे, खरा वैजनाथ. जितकं सांगावं तितकं खोटं वाटत होतं. मलाही.

शेवटी अक्षताने माझ्यासमोरून कागद ओढला. सर्जेरावांना तिच्या मोबाइलवरून लावला.
"काका, अक्षता बोलतेय. लहान मुलगी आहे."
एवढंच. ते हडपसरहून निघाले.

रक्त तपासून मिळायला वेळ होता. मला कुणी काम सांगत नव्हतं. बाहेर इंदुबाईंच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसलो. सोनू झोपली होती. इंदुबाईंनी विचारलं, साहेब, तुमी हितं काय करता?
तोंडात आलं होतं ते मोठं होतं. म्हटलं नाही.
म्हणालो, बसतो.