सीटखालची कात्री

१२ ऑगस्ट, दुपार

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. तू आणि जावईबापू मजेत असाल; असालच म्हणा.

तुम्ही हौसेने ठरवून दिलेल्या या चाकांवरच्या घरात आम्ही वादळ थांबायची वाट बघत नुसते बसून होतो. वाऱ्याने गाडी गदागदा हलायची. तुझे बाबा बेसिनपाशी उभे राहिले की मी पलंगावर पाय वर घ्यायचे, तेव्हा कुठे त्यांना वळता यायचं. तरी मी कुरकुर केली नाही. उभा जन्म शिलाई मशीनवर बसलेल्या आईला लेकीने फिरायला धाडलं, याचं केवढं अप्रूप! शेजारच्या गाडीतल्या बाईला सांगून सांगून वैताग आणला.

काल छत गळायला लागलं. फडकं शोधायला सीटखालचा कप्पा उघडला, तर बाबांच्या मफलरमध्ये गुंडाळलेली माझी मोठी कात्री! कापडाशिवाय कशाला लावू न दिलेली. आपल्या पुढच्या खोलीतलं माझं दुकान सोडून ती कधी कुठे गेली नव्हती.

"ही इथे कशी?"

"सामान हलवताना माणसं कुठेतरी टाकून देतील, म्हणून घेतली," ते बोलून गेले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"कुणाचं सामान?"

मग सगळं बाहेर आलं. मशिनी विकायच्या, खोलीला रंग द्यायचा, तिथे तुझा दवाखाना थाटायचा, आणि आम्ही परतायच्या आत सगळं उरकायचं. "आईला आधी सांगितलं तर रडारड करेल," असं तू म्हणालीस म्हणे.

रडले नाही, ठमे. संतापले. तू मागितली असतीस तर मी खोली दिली असती. दारातली एक मशीन तरी राहू दे म्हणाले असते, आपण कडाकडा भांडलो असतो, आणि मग दिली असती. यांना तर काय बोलू? माझी कात्री तेवढी वाचवली आणि तोंडाला कुलूप लावून माझ्यासोबत पत्ते खेळत बसले.

सकाळपासून लख्ख ऊन आहे. बाकीच्या गाड्या निघून गेल्या. बाबा मात्र म्हणत होते, "अजून ढग आहेत, थांबू या." मी कात्री मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर पट्टा लावून बसले. आता ते निमूटपणे किल्ली शोधताहेत.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. दारात उभी राहून तुझ्या हातात देईन. मशिनी हलवल्या असशील, तर होत्या तिथे आणून ठेव.

खाली नेहमीसारखं 'तुझीच आई' लिहायला आज हात वळत नाही.

– पुढच्या खोलीतली शिंपीण