शेळगावचा वायूचा बंब

प्रिय सुनंदा,

कळसच्या वसतिगृहासाठी पाणी तापवायचा दुसरा बंब करून द्यायला मी काल हो म्हणालो. तू गेल्यावर मी माझ्या आबांसमोर सांगितलं होतं की असली वस्तू पुन्हा या हातानं करायची नाही. काल तो शब्द मोडला. रात्री जेवण गेलं नाही आणि आज दुपारी शाळेत पोरांना वेल्डिंग शिकवताना दोनदा चष्मा खाली घ्यायचा विसरलो. हे कुणाला सांगू? भिणाऱ्या माणसाला न हसता ऐकून घेणारी तू एकटीच होतीस. खरं म्हणजे हसायचीस, पण ऐकून घ्यायचीस.

तुला आठवतं का, हे सगळं सुरू कसं झालं? शेळगावात तुझा दवाखाना नवीन होता. मागच्या खोलीत वरकामाच्या मथुराबाई चुलीवर पाण्याचं पातेलं ठेवायच्या. ओली लाकडं, डोळ्यांतून पाणी, आणि धूर थेट बाळंतिणींच्या खोलीत. विजेचा हीटर होता, पण वीज कधी असायची? एकदा थंडीत एक अशक्त बाळ जन्मलं आणि त्याला शेकायला गरम पाण्याच्या बाटल्या वेळेवर मिळाल्या नाहीत. तू ते आपल्या पदराखाली छातीशी धरून बसलीस. बाळ वाचलं. मी बारामतीच्या शाळेतून आलो तेव्हा तू अजून तशीच बसली होतीस. मान वर न करता म्हणालीस, "अहो, तुम्ही लोखंडाला लोखंड जोडायला शिकवता ना? मग मला न थांबता गरम पाणी देणारं काहीतरी करून द्या. धूर नको."

धूर नको. दोनच शब्द, पण त्यांनी माझी दोन वर्षं खाल्ली.

माझ्या एका जुन्या मास्तरांनी सांगितलेलं डोक्यात होतं. महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा लाकडाच्या वायूवर मोटारी चालत. लाकडाला कमी हवा दिली की ते धड जळत नाही, त्यातून वायू निघतो. तोच वायू खाली ओढून, त्याला तिथं गरम हवा देऊन पेटवला तर धूर उरत नाही. मी तुला जेवणाच्या ताटात भाताचा ढीग करून दाखवलं. वर लाकूड, मध्ये भट्टीच्या विटांमधली एक अरुंद फट, खाली जाळ, जाळाभोवती पाणी. तू भात कालवून खाऊन टाकलास आणि म्हणालीस, "समजलं. कधी करताय?"

तुला समजलं होतं, पण मला झोप नव्हती. या वायूत काय असतं ते मी वाचलं होतं. त्यातल्या विषाला वास नाही, रंग नाही. माणूस बसल्या जागी डुलायला लागतो आणि परत उठत नाही. आणि पाणी कोंडलं तर वाफेनं पत्रा फाटतो. साखर कारखान्यातल्या एका फिटरनं आपला भाजलेला हात मला दाखवला होता. असली वस्तू मी बाळंतिणींच्या भिंतीमागं ठेवणार होतो. तुला हे बोललो की तू म्हणायचीस, "म्हणून तर तुम्हाला सांगितलं. न भिणाऱ्या माणसाकडून मी करूनच घेतलं नसतं."

हे तू मला बरं वाटावं म्हणून म्हणायचीस की खरंच? विचारायचं राहून गेलं.

टाकीला मी वरून उघडी नळी ठेवली, म्हणजे वाफ कोंडायलाच नको. एक नळी पुरेशी होती. मी दोन ठेवल्या. आबा कळसहून मुद्दाम बघायला आले होते. सगळी जिंदगी मेंढरांमागं चालण्यात गेलेली, नंतर चार एकरात स्थिरावलेले. बांधावरच्या दगडावर टेकल्यासारखे ते पत्र्यांच्या ढिगावर बसले आणि म्हणाले, "आरं, दोन नाकं कशाला रं ह्याला?"

"एक चोंदलं तर दुसरं असावं, आबा."

"आन् दुसरं चोंदलं तर?"

तू मागं उभी राहून तोंडावर पदर धरलास. मी मात्र त्या रात्री तिसऱ्या नळीचा विचार करत पडलो होतो.

पहिला बंब पेटलाच नाही. मी मेहनतीनं कापलेली फट रुंद झाली होती. वायू न जळताच धुराड्यातून बाहेर पडला आणि पिवळा, डोळे चुरचुरवणारा धूर सगळ्या आळीत पसरला. लोकांना वाटलं दवाखान्याला आग लागली. दुसऱ्या वेळी विटा तडकल्या. तिसऱ्या वेळी लाकूड ओलं निघालं आणि आतून डांबरासारखा चिकट काळा थर धरला. तो खरवडताना मी म्हणालो, "सोडून देऊ." तू मास्क लावून शेजारी खरवडायला बसलीस. मध्येच तू थांबून भिंतीला टेकलीस. मी विचारलं, काय गं? तू म्हणालीस, "पित्त झालंय." मी मानलं.

मग कळंबच्या बाजूला ओढ्याकाठी माजलेली वेडी बाभूळ तोडून आणली, चिरून उन्हाळाभर वाळवली. फट बारीक केली, धुराडं उंच केलं. पेटवायला लोहाराचा हातानं फिरवायचा पंखा बसवला, म्हणजे विजेवर अवलंबून राहायला नको. आणि एका सकाळी खालच्या भोकातून पाहिलं तर आत जाळ सरळ खाली उतरत होता. त्याचा आवाज होता, लांबून येणाऱ्या मालगाडीसारखा. धुराड्याच्या तोंडाशी नुसती गरम हवा थरथरत होती. मथुराबाई अंगणात उभ्या राहून वर बघत होत्या. "सर, इझला का काय हो?" त्यांनी विचारलं. त्यांना धुराशिवाय जाळ माहीतच नव्हता. तू नळ सोडलास, हात खाली धरलास आणि चटका बसून मागं घेतलास. तेव्हा तू माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलंस, त्यासाठी मी आणखी चार बंब केले असते.

लोक त्याला "सरांचा बंब" म्हणायला लागले. मी मात्र शाळा सुटली की आधी दवाखान्यामागच्या बंबाच्या शेडमध्ये जायचो, मग तुझ्याकडं. लाकूड घालायचं वरचं झाकण उघडण्याआधी लाल दांडा ओढायचा, म्हणजे आत साठलेला वायू धुराड्याकडं जातो. नाहीतर धप्पकन जाळ तोंडावर येतो. एकदा माझ्या भुवया गेल्याच होत्या. मथुराबाईंनी ते पाठ करून टाकलं, "आदी लाल दांडा, मग झाकान." तरी मी रोज विचारायचो. त्या वैतागायच्या. "सर, लेकराला बी यवढं कुणी इचारत न्हाय."

आणि मग ती डिसेंबरातली सकाळ. वारं बोचरं होतं. मथुराबाईंनी शेडच्या खिडकीत पोतं कोंबलं, दार ओढून घेतलं आणि उबेला बसल्या. झाकणाभोवतीची वायू अडवणारी दोरी जळून झिजली होती, तिथून वायू आत येत राहिला. तू उकळलेले कपडे मागायला गेलीस तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि हाकेला ओ देत नव्हत्या. तू त्यांना एकटीनं ओढत अंगणात आणलंस. मी मोटारसायकल लावत होतो. तू मातीत बसली होतीस, त्यांच्या नाकाला ऑक्सिजनची नळी आणि तुझं स्वतःचं तोंड उघडं. तू त्यांच्यापेक्षा जोरात धापा टाकत होतीस. मला वाटलं, ओढून दमलीस. मला वाटलं, तुझ्याही छातीत वायू गेला असेल. मला सगळं वाटलं, खरं होतं ते सोडून.

मथुराबाई दुपारी शुद्धीवर आल्या. पहिलं वाक्य, "बंब इझला का?"

मी हातोडा घेऊन शेडमध्ये गेलो होतो. तू दारात आडवी उभी राहिलीस. "मोडायचा असेल तर मोडा," तू म्हणालीस, "पण आत दोन बायका अडलेल्या आहेत. आधी त्यांचं पाणी तापवा." मी पाणी तापवलं. दुसऱ्या दिवशी शेडच्या चारही भिंती पाडल्या. नुसते खांब आणि वर पत्रा ठेवला. वारा कुठूनही येऊ दे. तेव्हापासून त्या बंबानं कुणाला काही केलं नाही.

आता माझी तक्रार ऐक.

तू गेलीस ती दुपार मला अजून उलगडत नाही. एका मुलीचं बाळंतपण झालं, तू हात धुतलेस, खुर्चीत बसलीस आणि उठलीच नाहीस. जीपमधून बारामती, तिथून पुणे. वाटेत तू माझा हात धरून एवढंच म्हणालीस, "घाबरू नका." पुण्यात तुझी कॉलेजातली मैत्रीण डॉक्टर होती. तिनं मला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि विचारलं, "तुम्हाला तिनं कधी सांगितलंच नाही?" लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यात हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. तुला शिकत असल्यापासून माहीत होतं. मूल झालं तर जीव जाईल, हेही माहीत होतं. आणि मला तू सांगत आलीस, "दवाखाना जरा मार्गी लागू दे, मग बघू."

सुनंदा, का गं? मी दोन नळ्या बसवणारा माणूस. मला सांगितलं असतंस तर मी तुला जिना चढू दिला नसता, रात्री उठू दिलं नसतं, दवाखानाच बंद करायला लावला असता. म्हणूनच सांगितलं नाहीस ना? मला उत्तर ठाऊक आहे. तरी राग जात नाही. मी रोज त्या लोखंडाला कान लावून ऐकत होतो, कुठं फुसफुसतंय का, कुठं गळतंय का. आणि ज्या छातीला कान लावायचा, ती माझ्या शेजारी झोपत होती.

दवाखाना आता एक नवीन डॉक्टरीण चालवते. चांगली आहे. बंब चालू आहे. मी आठवड्याला जाऊन दोरी तपासतो, धुराडं झाडतो आणि परत येतो. तुझ्या खोलीत जात नाही.

कळसचे गुरुजी गेले वर्षभर मागं लागले होते. वसतिगृहातली पोरं थंडीत गार पाण्यानं आंघोळ करतात, निम्मी खोकतात. मी टाळत होतो. शंभर पोरं आणि एक बंब. कुणी दार लावून घेतलं तर? कुणी लाल दांडा विसरलं तर? काल ते बळंच घेऊन गेले. नाही म्हणायचं, हे ठरवूनच गेलो होतो.

स्वयंपाकघरात चूल होती, धूर होता. सखूबाई म्हणून स्वयंपाकीण आहे, पस्तिशीची असेल. ती सरपणाचा भारा घेऊन आली, उंबऱ्याशी थांबली आणि भिंतीला हात लावून उभी राहिली. गुरुजी मला मापं सांगत होते, टाकी कुठं, न्हाणी कुठं. मी ऐकत नव्हतो. मी तिच्या गळ्यापाशी उडणारी शीर बघत होतो, तुझ्या मैत्रिणीनं पुण्यात मला सांगितलेली खूण.

"बाई, दम लागतो का?"

"न्हाय वं सर. उनाचं हाय."

"रात्री आडवं झालं की गुदमरतं?"

तिनं गुरुजींकडं पाहिलं. नोकरी जाईल असं वाटलं असावं. मग हळूच म्हणाली, "उशाला दोन वाकळा घिती मी. बसल्यावानीच झोपती. कुणाला सांगू नगा."

सुनंदा, मला तिथं उभं राहवेना. बाहेर येऊन लिंबाखाली बसलो. गुरुजी घाबरले, पाणी घेऊन आले. मी त्यांना म्हणालो, "बंब करून देतो. पण दोन गोष्टी. त्याला भिंती नसतील. आणि बाईंची मोठ्या डॉक्टरकडं तपासणी झाल्याशिवाय मी पत्रा कापणार नाही. त्यांची नोकरी तुम्ही राखायची." गुरुजी म्हणाले, "सर, बंबाचा आन् तिच्या तपासणीचा काय संबंध?" पण त्यांनी मान हलवली आणि सखूबाईला माझ्यासमोर सांगितलं की जागा तुझीच राहील.

आज सकाळी तिला घेऊन बारामतीला गेलो. तिचा नवरा बरोबर होता, सगळा वेळ टोपी हातात धरून. डॉक्टरांनी बराच वेळ छाती ऐकली, मग हृदयाची सोनोग्राफी केली. झडपच आहे, तुझ्यासारखीच. ते म्हणाले, वेळेत आलात, पुण्याला शिरेतून फुगा आत नेऊन ती रुंद करता येते, छाती उघडायला लागत नाही. तुझ्या मैत्रिणीला फोन लावला. तिनं बाईंचं वय विचारलं. मग म्हणाली, "घेऊन या."

ती बरी होईल का? मला माहीत नाही. ऑपरेशनच्या टेबलावरच काही झालं तर? नवरा मला काय म्हणेल? मीच तर ओढून नेतोय. ही भीती बंबापेक्षा वाईट आहे, इथं मला नळी बसवता येत नाही.

पण तुला वचन देतो. पुण्याला मी तिच्याबरोबर जाईन आणि तिला परत आणेपर्यंत तिथंच राहीन. दुसरं, काही दुखतंय का असं विचारलं आणि समोरून "काही नाही" आलं, तर मी तेवढ्यावर उठून जाणार नाही. पुन्हा विचारीन. लोक वैतागले तरी विचारीन. आणि कळसचा बंब पेटेल त्या दिवशी, तू सांगून गेलीस ते करायला मला जमणार नाही. मी घाबरणारच आहे. पण हात मागं घेणार नाही.

तुझाच,
ज्ञानदेव