बर्फातली माणसं आणि बेचाळीस पायऱ्या

४ मे, सोमवार
सकाळी साडेसहा. आत्ताच अंगाची लाही. दक्षिण ध्रुवावरचं दुसरं पुस्तक, तिथे गेलेल्यानंच लिहिलेलं. जहाज बर्फात अडकून आठ महिने झालेत, कुत्रे खाऊन संपले, आता चामडं उकळताहेत. आणि मी कूलरसमोर पाय वर करून. हे म्हणतात, "तुले भर उन्हाळ्यात हेच वाचाचं सुचते?" दुसरं काय वाचू? मार्चमध्ये खुब्याचं हाड मोडल्यापासून मीही अडकलेलीच. तिसरा मजला, लिफ्ट नाही.

५ मे
पुण्याहून चिनूचा फोन. मुलगी आहे, पण बोलते सासूसारखी. "आई, सतराले येते. एकटीनं जिना उतरून, चढून दाखव. नाही जमलं तर घर विकून तुम्ही दोघं माझ्याकडे." यांची तयारी आहे. माझी नाही. चौतीस वर्षं राहिले इथे, अजून राहायचंय. बेचाळीस पायऱ्या.

७ मे
रूपा, फिजिओ. सावनेरहून येते. तक्ता दिला : सकाळी किती पायऱ्या, संध्याकाळी किती, दुखणं दहापैकी किती. तक्ता बघून जिवात जीव आला. आयुष्य कारखान्याच्या लॅबमध्ये गेलं, दर दोन तासांनी पाण्याचं रीडिंग. पेन्सिल धरली की हात आपला चालतो.

९ मे, शनि.
रूपा सकाळी दहाला आली. तक्ता बघितला, मग घड्याळ. "काकू, आज संध्याकाळी तुमी बारा पायऱ्या उतरल्या. संध्याकाळ होऊन गेली का?"
मेले. लॅबची खोड. शिफ्ट लागली की आम्ही शेवटचं रीडिंगसुद्धा आधीच भरून मोकळे, रोज तेच तर येतं. हा तक्ता मी पुढच्या शुक्रवारपर्यंत भरला होता, पार बेचाळीसपर्यंत. खऱ्या पायऱ्या चार.
रूपा रागावली नाही, तेच जास्त लागलं. "खोटं लिवलं तं मी व्यायाम कसा ठरवू? पडसान ना."

१० मे
आजच्या पानांत एकाचा थर्मामीटर फुटतो. विचारणारं कोणी नाही, जगायची आशा नाही. तरी त्यानं अंदाजानं आकडा टाकला नाही, रकाना कोरा सोडला. आणि मी पोटभर जेवून, पंख्याखाली बसून... स्वतःचा फार राग आला. खोडरबर घेतलं, सगळं पुसलं.
सकाळ ४. दुखणं ८.

१२ मे
सकाळ ११, पहिल्या वळणापर्यंत. संध्याकाळी जिन्यावर ऊन, कठडा हाताला चटके देतो. तो रकाना कोरा.
नवा घोळ. यांनी त्या खोट्या तक्त्याचा फोटो कौतुकानं चिनूला पाठवून दिला होता. तिनं तारखा वाचल्या नाहीत, शेवटचा आकडा वाचला. ती समजते मी खाली जाऊन भाजी आणते. हे म्हणाले, "आता काहून सांगतं वं? पाच दिवसांत जमून जाईल तुले."
लगेच फोन लावला, सांगितलं. ती म्हणाली, "आई, मग तर पुण्यालेच चाल." फोन ठेवून रडले. पण सांगितल्याचा पस्तावा नाही.

१५ मे
२६. उतरणं जमतं. चढताना यांनी कमरेला धरलं, म्हणून ते एकटीचं धरत नाही. तसं लिहिलंसुद्धा. रूपा म्हणते, "घाई नका करू काकू, अजून दोन हप्ते द्या." दोन हप्ते कुठून आणू?
पुस्तक बाजूला ठेवलंय. मांडी इतकी थरथरते की ओळी हलतात.

१७ मे, रवि.
सकाळी ७.१०. खाली बसून लिहितेय, पार्किंगच्या ओट्यावर. बेचाळीस. काठी घेऊन, एकटीनं. चिनू पहाटेच्या बसनं आली होती. माझ्यापुढे उलटी उतरत होती, दोन्ही हात पसरून. हात लागू दिला नाही. मार्चनंतर पहिल्यांदा जमिनीवर पाय टेकले. दोघीही रडलो.
मग तिनं वर बघितलं. "आई, आता? खुर्ची मागवते, शेजारचे उचलून नेतील."
"खुर्ची कायले?"
पाय भरून आलेत, खोटं कशाला सांगू? भीती वाटतेय. पुस्तकांतले पोचले बरेच होते, जीव गेले ते परतीच्या वाटेवर. पण ऊन वाढायच्या आत उठायला हवं. चिनूला सांगितलं, मागून ये, हात लावू नको. हात लावावाच लागला तर कितव्या पायरीवर ते लिही. तक्ता तिच्याकडे दिलाय. पेन्सिल एकच आणली, तीही आता देते.