गोल पंखाचं विमान

बाबा, तुझ्या वहीतलं ते गोल पंखाचं विमान मला अजून सापडलेलं नाही. टेमघरला एका मोबाइलच्या दुकानात वायफाय फुकट मिळतं, तिथं पायरीवर बसून शोधतोय. मधे दोन महिने अंबाडीला टेम्पोवर होतो, तिथला मालक तर असा की... राहू दे. भरकटतो मी, तू म्हणायचासच.

तू लूमचा जॉबर, दिवसभर बिघडलेले माग दुरुस्त करायचे. पण कोन गावच्या गोदामात परदेशी रद्दी उतरली की पहिला तू. त्यातली जुनी, विचित्र विमानं वहीत चिकटवायची. एकावर एक सात पंखांची, पॅडल मारायची, कधी उडालीच नाहीत अशी. इंग्रजी अक्षरं जुळवून खाली नाव लिहायचास. सुट्टीला नावावर पंजा ठेवून म्हणतोस, ‘वळख.’ मी पंख मोजून ओळखतो. गोल पंखाचं बघून कारखान्यातले चाचा हसले, ‘उस्ताद, ये प्लेन है के आटे की छलनी?’ तू म्हणालास, ‘चाचा, याचं शेपूट म्होरं हाय बघा. कुनीतरी जीव लावून बनवलंय. नाव आसंलच.’ त्या नावासाठी एक ओळ कोरी सोडलीस.

मग तुझी छाती भरली. इस्पितळात नाकात नळी, तरी विचारतोस, ‘गावलं का रं नाव?’ मी नळाला पाणी बघायला म्हणून पळालो. परत आलो तेव्हा पडदा ओढलेला.

आता चित्र पिवळं पडलंय, झुरळांनी कोपरा खाल्लाय. जुन्या विमानांवर भांडणारा एक ग्रुप आहे, तिथं फोटो टाकला. गोल पंखाची दोन-तीन निघाली, पुढं शेपटाचं एकही नाही. कुणाला नावच माहीत नसेल तर मी कुठं जाऊ? आज तिथल्याच एका म्हाताऱ्यानं विचारलं, ‘चित्राखाली काही छापलं होतं का?’ तूही हेच विचारलं होतंस. मी ‘न्हाय’ म्हणालो होतो.

छापलं होतं, बाबा. तू ड्युटीवर होतास, चित्र मी कापलं. मागावरून कापडाचा ताका उतरला की तू कडेचे लोंबते धागे कातरायचास, मला वाटलं चित्राचीही कड साफ करायची असते. खालची पट्टी कातरून गटारात टाकली. तू आलास, कडेवरून बोट फिरवलंस, म्हणालास, ‘झ्याक कापलंस.’ एवढं पहिल्यांदाच म्हणाला होतास. मग मला सांगवेना.

म्हाताऱ्याला आत्ताच उत्तर टाकलं. ‘नाही, काही नव्हतं.’