खिडकीतला नारिंगी दगड

दि. ४ जून

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. आम्ही ठीक. म्हणजे मी ठीक. ह्यांचं तुला ठाऊकच आहे. डोळे अधू झाले म्हणून बस चालवायची नोकरी गेली, तेव्हापासून हे जिना उतरलेले नाहीत. मी चला म्हटलं की म्हणतात, उन्हं कलू देत. कलली की म्हणतात, आता कशाला. दिवसभर या खुर्चीवरून त्या खुर्चीवर. बोलणं म्हणजे हं आणि उंहूं.

पण परवा डेपोतून त्यांच्या कपाटातलं सामान आलं, त्यात एक दगड निघाला. कुणी उतारू कधीकाळी सीटवर विसरून गेला होता, न्यायला आलाच नाही. मुठीत मावेल एवढा, पिकल्या संत्र्याच्या रंगाचा, कडेला चकचकीत दाणे. तो हे भिंगाखाली धरून बसतात आणि मलाच विचारतात, हा कसला असेल गं? मला शिवणातलं कळतं, दगडातलं काय कळणार? तू रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत एवढी वर्षं घासतोयस, तूच सांग.

लोभ असू दे, पण उत्तर आधी दे.

तुझी ताई

दि. ९ जून

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

भाऊजींनी आपणहून प्रश्न विचारला, हे वाक्य मी दोनदा वाचलं. दगड पत्रातून ओळखणं म्हणजे न बघता मुलगी पसंत करणं. तरी घरच्या घरी एवढं करा. फरशीचा एखादा तुकडा घेऊन त्याच्या खरखरीत उलट्या बाजूवर दगड हलकेच घासा. रेघ लाल उमटली तर पाऱ्याचा दगड, हिंगूळ असेल, तपकिरी उमटली तर साधा लोखंडाचा दगड. नखानं ओरखडा उठतो का, तेही बघा. नंतर हात साबणानं धुवा.

जिभेला लावू नका आणि विस्तवाजवळ तर मुळीच नेऊ नका. भाऊजींना बजावून सांग. बंद घड्याळ दुरुस्त करताना त्यांनी चालू घड्याळही उघडलं होतं, ते मी विसरलेलो नाही.

माया आहेच, ती पत्राच्या लांबीवर मोजू नकोस.

तुझा धाकटा

दि. १४ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

वि. वि. रेघ लाल नाही, तपकिरी नाही, नारिंगी-पिवळी उमटली. नखानं सहज ओरखडा उठतो. दगड खिडकीत, उन्हात ठेवलाय, त्याच्याखाली पिवळी पूड साचते. पुसली की पुन्हा साचते. आणि रागावू नकोस, तुझं पत्र यायच्या आदल्याच दिवशी ह्यांनी एक कपचा वाटीत घालून स्टोव्हवर धरला. घरभर लसणाचा वास! घरात लसणाची पाकळीही नव्हती. दोघांना ठसका लागला, खिडक्या उघडल्या तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

पण काय सांगू, हे बोलतात रे! जेवताना बोलतात, दाढी करताना बोलतात. काल माझ्या शिवणाच्या गिऱ्हाइकाला दगड दाखवून तिचं डोकं उठवलं. तुला नाव कळलं असेल तर कळव, हे रोज पोस्टमनची वाट बघतात.

जपून राहा, आम्हांला विसरू नकोस.

तुझी ताई

दि. १७ जून

ताई, नमस्कार पोचला असं समज.

ती मनशीळ आहे. रंगवाले पूर्वी वापरायचे, आता कुणी हात लावत नाही. तिच्यात सोमल असतो, म्हणजे आर्सेनिक, जहाल विष. लसणाचा वास त्याचाच. पूड कोरडी झाडू नकोस, ओल्या फडक्यानं पुसून फडकं पिशवीत बांध. दगड झाकणाच्या बरणीत घाल. तो कपचा ज्यात धरला ते भांडं स्वयंपाकाला वापरू नकोस. दोघंही आजच डॉक्टरांकडे जा. बरणी कॉलेजात खनिजांच्या विभागात नेऊन द्या. दगड घरात ठेवायचा नाही, भाऊजींनी कितीही हट्ट केला तरी. मला चैन नाही. दोन ओळींचं का होईना, उत्तर टाक.

धाकटा

दि. २२ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

घाबरू नकोस. सगळं तू लिहिलंस तसंच केलं. हे उतरायला तयार नव्हते म्हणून डॉक्टरांनाच घरी बोलावलं. दोघांना तपासलं, लघवीही तपासली. भीती नाही म्हणाले. ह्यांना सांगितलं, ठसका लागला होता म्हणून बोलावलंय.

दगड विषारी आहे, तो देऊन टाकायचाय, हे मात्र मला ह्यांना सांगवेना. उजेडानं त्याची पूड होते म्हणून बरणीत ठेवलाय, एवढंच मी बोलले. तो गेला की हे पुन्हा त्या खुर्चीत बसतील, हीच भीती वाटत होती. काल त्यांनी बरणी मागितली, तेव्हा तुझं पत्रच वाचून दाखवलं. मग म्हणाले, तू हे एकटीनं पोटात ठेवलंस? आणि विचारलं, कॉलेजला कोणती बस जाते? अख्खा जन्म बस चालवलेला माणूस मला बस विचारतो!

आज सकाळी बरणी कापडात गुंडाळून निघाले. मी येते म्हटलं, तर म्हणाले, ड्रायव्हरला कुणी सोबत देत नाही. दुपार उलटली. चार वेळा गॅलरीत जाऊन आले. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची बाही उलटी शिवली, उसवायला बसले तर कापडच फाटलं. रस्ता ओलांडताना त्यांना समोरचं वाहन दिसेल का रे? मीच धाडलं त्यांना. काही झालं तर स्वतःला काय तोंड दाखवू? हाताला काम हवं म्हणून तुला लिहीत बसलेय.

थांब. जिन्यात त्यांचा आवाज येतोय. खालच्या शेजाऱ्यांना थांबवून सांगतायत, की कॉलेजात कपाटंच्या कपाटं भरून दगड आहेत आणि बुधवारी पुन्हा बोलावलंय. शेजारी बिचारे हो हो म्हणतायत. हे अजून खालच्याच मजल्यावर आहेत, वर यायचं नाव नाही.

जेवण गार झालंय. होऊ दे.

तुझी ताई