माझ्याच लेकीचा हेवा

१४ जून, लातूर

टेबल आलं! ह्यांनी स्वतः खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढवलं. वर्षाराणीचं टेबल, वर्षाराणीची खुर्ची, खिडकीची जागाही तिचीच. माझी जागा गॅसपाशी. तिची बारावी आणि डॉक्टरकीची नीट परीक्षा होईपर्यंत मी इथं भाड्याच्या खोलीत राहून लेकीला करून घालायचं, असं ठरलंय. गावाकडं हे आणि सासूबाई.

जाताना हे म्हणाले, "आपल्या घरातून कॉलेजात जाणारी पहिलीच हाय. तिला पाण्याचा पेलाबी उचलू देऊ नको, उज्वला."

मला दहावीला एक्क्याऐंशी टक्के होते. कॉलेज मुखेडला. माझे वडील, बापू, म्हणाले, रोज यष्टीनं पोरगी कुठं पाठवायची! त्याच उन्हाळ्यात लग्न. माझ्यासाठी कुणी काही खांद्यावर वाहिलं नाही.

२ जुलै

वर्षा पुस्तक उघडं टाकून क्लासला गेली. भाजी निवडता निवडता वाचत बसले. इंग्रजी अडखळतं, पण चित्र कळतं — हृदय, त्याचे कप्पे, झडपा. ती आल्यावर विचारलं, ही झडप उलटी का उघडत नाही गं?

"आई, तुला नाही कळायचं. वाढ ना, भूक लागलीय."

वाढलं. वाटी जरा आपटलीच.

१९ जुलै

क्लासच्या चाचणीत वर्षा पार खाली. खूप रडली. मी पाठीवरून हात फिरवत होते आणि आतून मला बरं वाटत होतं! पोटची पोर आहे ती. काय झालंय मला?

११ ऑगस्ट

शेजारच्या खोलीतल्या हुस्नाभाभींबरोबर गंजगोलाईच्या बाजारात गेले. त्या नांदेडच्या, मुलासाठी, बिलालसाठी, इथं आल्यात. बांगड्या बघितल्या, भजी खाल्ली, लई हसलो. हसता हसता बोलून गेले — पोरीला बघून जीव जळतो माझा. वाटलं, आता भाभी तोंड फिरवणार.

त्या म्हणाल्या, "मेरा बी जलता. बिलाल को चाय देते वखत."

३ सप्टेंबर

वर्षा डबा विसरली म्हणून क्लासवर घेऊन गेले. पाठीला सॅक, घोळक्यात उभी, मोठमोठ्यानं बोलत होती. अशी मोठ्यानं मी कधी बोलले? मला बघून मैत्रिणीला म्हणाली, "आमची आई. घरीच असते."

घरीच!

सगळ्या आत गेल्या. वॉचमन म्हणाला, पालकांनी बाहेर थांबा.

२६ ऑक्टोबर

आज फुटलं सगळं. क्लासला जायचं नाही म्हणून वर्षा आडवी पडून राहिली. मी ओरडले, "तुला काय मिळालंय, कळत नाही तुला! तुझ्या जागी मी असते तर!"

ताडकन उठून बसली. "मग बस ना माझ्या जागी! मी मागितलं होतं का? तू भाभीसंग बाजारात जाती, खिदळती. तुझे मार्क कुणी भिंतीवर लावत न्हाई. लई हेवा वाटतो मला तुझा!"

माझा! माझा हेवा!

तिच्याजवळ जाऊन बसले. विचारलं, मग तुला काय शिकायचंय? नाक पुसत म्हणाली, "गणित." इतक्या दिवसांत मी विचारलंच नव्हतं.

२७ ऑक्टोबर

ह्यांना फोन केला. "शिकायचं नसंल तर घेऊन ये तिला," म्हणाले. "भोकरकडलं एक स्थळ आलंय. बघून टाकू."

मी नुसतं "बरं" म्हटलं असतं, तर वर्षा माझ्यासारखी झाली असती. आणि — इथं खोटं कशाला लिहू — क्षणभर ते गोड वाटलं. दोघी सारख्या!

मग माझ्याच तोंडून आलं, "न्हाई आणणार. परीक्षा देईल, मग गणित शिकंल. स्थळाला नकार कळवा."

त्यांनी फोन आपटला.

५ जुलै, पुढचं वर्ष

नीटमध्ये जमलं नाही. वर्षाला नांदेडला गणित घेऊन बीएस्सीला प्रवेश मिळाला. हॉस्टेलही. हे कितीतरी दिवस बोलत नव्हते, आज मात्र पेटी उचलायला स्वतः आले. यष्टीत बसताना पोरगी रडली नाही, हसत होती. मीही हसून हात हलवला.

हे तिथूनच गावाकडं गेले, मी स्टँडवरून एकटी खोलीवर परत आले. वाटभर एकच — मी का नाही त्या यष्टीत?

२१ जुलै

घरमालकीण वर आली होती. "पोरगी तर गेली तुमची. खोली कधी मोकळी करता?"

"नाही करत, मावशी. मजल्यावरच्या पोरींचे डबे धरलेत, भाडं निघंल. आन सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला नाव घातलंय."

"कुणाचं?"

"माझं."